मधला आकडा

मी शाळेत होतो तेव्हा आमच्या नांदगाव पेठेत एका लोहाराची भट्टी होती. विळे, पास, वखराच्या फासा, बैलगाडीच्या चाकाची धाव असली कामं तिथं चालत. फुटक्या लाऊडस्पीकरमधलं चुंबक मला कुठूनतरी मिळालेलं होतं आणि गावातली दिसेल ती वस्तू त्याला चिकटवून पाहायचा नाद लागला होता. एकदा भट्टीतून काढलेली लालभडक फास ऐरणीवर असताना मी चुंबक दोरीला बांधून तिच्याजवळ नेलं. ते हललंसुद्धा नाही. लोहारबुवा हसले आणि म्हणाले, "लाल झाल्यावर लोखंड चुंबकाले ओयखत नाई गा. थंडं झालं का मंग ओयखते."

"कामून?"

"थे मले का मालूम? तुह्या मास्तरले इचार."

मास्तरांना विचारायचं राहून गेलं. लोहारांना ठाऊक असलेली ही गोष्ट पुस्तकात यायला मात्र इंग्लंडमधले विल्यम गिल्बर्ट यावे लागले. १६०० साली आलेल्या त्यांच्या चुंबकावरच्या ग्रंथात तापलेलं लोखंड चुंबकाला दाद देत नाही याची नोंद आहे. पॅरिसमध्ये पिएर क्युरी यांनी १८९५ साली त्यावर रीतसर मोजमाप केलं. लोखंडासाठी तो टप्पा सुमारे ७७० अंश सेल्सिअसचा. मंडळी, मला आज सांगायचं आहे ते मात्र लोहाराच्या लोखंडाबद्दल नाही. त्या फासेत लोखंडाचे असंख्य अणू एकमेकांच्या हातात हात घालून एका दिशेला तोंड करतात, म्हणून ती चुंबकाला चिकटते. उष्णता ते हात सोडवते. माझा विषय आहे एकटा अणू. एका रेणूच्या आत, चारी बाजूंनी इतर अणूंनी वेढलेला लोखंडाचा एकच अणू. त्याचं चुंबकत्व उष्णतेनं आणि उजेडानं कमीजास्त करता येतं, हे माणसाला कसं कळलं त्याची ही गोष्ट आहे. आणि माझ्या हातून एक आकडा खोडला गेला, त्याचीही.

आधी घर समजून घेऊ. लोखंडाच्या अणूत चुंबकत्वाचा कारभार ज्या इलेक्ट्रॉनांकडे असतो त्यांच्यासाठी पाच खोल्या असतात. अणू रेणूत शिरला आणि शेजारी सहा बाजूंनी येऊन बसले, की या पाच खोल्यांचे दोन मजले होतात. तीन खोल्या तळमजल्यावर, दोन माडीवर. गंजातलं किंवा फेरिक क्लोराइडमधलं लोखंड घेतलं तर राहणारे इलेक्ट्रॉनही पाचच. प्रत्येकाला स्वतंत्र खोली आवडते. एका खोलीत दोघांना राहावं लागलं तर ते विरुद्ध तोंडं करून राहतात आणि दोघांचं चुंबकत्व एकमेकांत विरून जातं. एकटा राहील त्याचंच चुंबकत्व बाहेर दिसतं.

आता जिना सोपा असेल तर दोघे माडीवर जातात, तिघे खाली, पाचही एकटे. रसायनशास्त्रज्ञांच्या मापात, म्हणजे बोर मॅग्नेटॉनमध्ये, हा आकडा ५.९ येतो. जिना उभा असेल तर पाचही जण खालच्या तीन खोल्यांत दाटीवाटीनं राहतात, दोन जोड्या आणि एक एकटा, आणि आकडा दोनच्या आसपास उतरतो. जिना किती उभा, हे शेजारी कोण यावर ठरतं. अमेरिकेत लायनस पॉलिंग यांनी १९३१ साली हे मोजमाप रसायनशास्त्राच्या हातात हत्यारासारखं दिलं. रेणू चुंबकापाशी न्या, ओढ मोजा, आतल्या बांधणीचा अंदाज करा. पुढची कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना एक ठोकळा मिळाला. आकडा वरचा तरी, नाहीतर खालचा तरी.

हा ठोकळा डोक्यात घेऊन मी १९७८ साली अमरावतीला एम.एस्सी. करत होतो. अमरावती विद्यापीठ १९८३ सालचं. त्यामुळे आम्ही तेव्हा नागपूर विद्यापीठाचे. नांदगाव पेठेहून एस.टी.नं रोजचं जाणं-येणं. प्रयोगशाळेत एक गॉय बॅलन्स होता. ज्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावानं तो ओळखला जातो त्यांचं नाव म्हणे 'गुई' असं उच्चारतात. आम्ही गॉयच म्हणायचो आणि आजही तोंडात तेच येतं. १८८९ सालची ही युक्ती अगदी साधी आहे. तराजूच्या एका बाजूला काचेची बारीक नळी टांगायची, तिच्यात पदार्थाची पूड ठासून भरायची आणि नळीचं खालचं टोक विद्युतचुंबकाच्या दोन तोंडांमध्ये सोडायचं. आधी वीज बंद ठेवून वजन करायचं, मग वीज सुरू करून. जो फरक येईल ती चुंबकाची ओढ. ती असते काही मिलिग्रॅमांची. जवळून कुणी चाललं तरी काटा हलतो.

त्यामुळे पंखा बंद ठेवावा लागे. वऱ्हाडातला मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना पंखा बंद म्हणजे काय ते सांगायला नको. वरून घाम टपकून वहीवरची शाई पसरायची. म्हणून मी सकाळी सातला जाऊन अर्धं काम उरकायचो आणि उरलेलं दुपारी. सकाळी खोलीत तीस अंश, दुपारी बेचाळीस.

माझ्या वाट्याला आलेला पदार्थ होता लोखंडाचा डायथिल डायथायोकार्बामेट. नाव लांबलचक असलं तरी तयार करायला सोपा. तांबं ओळखण्यासाठी वापरतात ते सोडियमचं क्षार प्रयोगशाळेत होतंच. ते पाण्यात विरघळवलं, फेरिक क्लोराइडचं पाणी घातलं, की काळपट साका बसतो. गाळला, शुद्ध केला, वाळवला आणि नळीत भरला. लोखंडाभोवती सहा बाजूंनी गंधक. पाच एकटे इलेक्ट्रॉन, ५.९ येणार, असं मी गृहीत धरलं होतं.

आला ४.२. पुन्हा भरून पाहिलं, तरी तेवढाच. दुपारी केलं तर ४.३. आणि आणखी एक गोष्ट विचित्र होती. क्युरींचा नियम सांगतो की अशा पदार्थांची ओढ तापमान वाढलं की त्याच प्रमाणात कमी होते. निरपेक्ष शून्यापासून मोजलं तर तीस अंश म्हणजे ३०३. त्यात बारा अंश वाढले, म्हणजे ओढ शेकडा चारनं घटायला हवी. तुलनेसाठी आम्ही पारा आणि कोबाल्टचा एक निळा क्षार वापरायचो. तराजूच्या प्रमाणीकरणासाठी फिगिस आणि नायहोम यांनी १९५८ साली तो सुचवला आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलला. तो निळा क्षार दुपारी इमानेइतबारे घटत होता. माझी काळी पूड मात्र सकाळ असो की दुपार, तेवढीच ओढ दाखवायची.

मी काय केलं ते आता सांगायला हरकत नाही. पूड नीट ठासली गेली नाही, नमुन्यात मळ राहिला, माझा हात हलला, अशी तीन कारणं मी स्वतःलाच दिली. तोंडी परीक्षा आठ दिवसांवर होती. प्रात्यक्षिकाच्या वहीत ५.८ लिहिलं. नेमकं ५.९ लिहिलं तर संशय येईल एवढी अक्कल होती. सह्या झाल्या, गुणही चांगले पडले. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं.

हा मधला आकडा जगात पहिल्यांदा दिसला तो इटलीत, मिलान शहरात. लिव्हिओ काम्बी आणि त्यांचे सहकारी लोखंडाच्या याच डायथायोकार्बामेट कुळातले रेणू मोजत होते. गंधकाला जोडलेली शेपटी बदलली की आकडा बदलायचा. काही ५.९ च्या जवळ, काही दोनच्या जवळ, काही मधेच. काम्बींनी ते खोडले नाहीत. त्यांनी तापमान बदलून मोजलं आणि मधला आकडा तापमानाबरोबर सरकतो हे पाहिलं. त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की बाटलीत दोन प्रकारचे रेणू एकत्र आहेत, दाटीत राहणारे आणि माडीवर गेलेले. थंडीत पहिले जास्त, उष्णतेत दुसरे जास्त. साल पुन्हा १९३१ च. पॉलिंग यांचं हत्यार ज्या वर्षी आलं त्याच वर्षी त्याची मर्यादाही छापून आली होती. पहिली बातमी सगळ्यांच्या कानावर गेली, दुसरी फार थोड्यांच्या. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या इवाल्ड, मार्टिन, रॉस आणि व्हाइट या चौघांनी हेच रेणू पुन्हा बाहेर काढले. तापमानाबरोबर त्यांनी दाबही बदलून पाहिला. दाब वाढवला की चुंबकत्व उतरतं, कारण दाटीत राहणारा रेणू आकारानं लहान असतो.

इथं थोडं थांबून कारण पाहू. उष्णता इलेक्ट्रॉनाला माडीवर का चढवते? केवळ बळ देते म्हणून नव्हे. इलेक्ट्रॉन माडीवर गेला की लोखंड आणि शेजाऱ्यांमधले बंध लांबतात. ज्या कुळात लोखंडाजवळ सहा इलेक्ट्रॉन असतात तिथं तर ते सुमारे एक दशांशानं लांबतात. बंध सैल झाले की रेणूला हलायला, थरथरायला जागा मिळते. निसर्गाला उष्णतेत असा मोकळेपणा मानवतो. उन्हाळ्यात आपण खाटा अंगणात टाकतो, हिवाळ्यात सगळे एका खोलीत, तसंच म्हणा ना. माझ्या ४.३ चा हिशेब मी पुढं मांडून पाहिला, तर त्या मे महिन्यात नळीतले जवळपास निम्मे रेणू माडीवर होते. तापमान वाढलं तशी क्युरींच्या नियमानं ओढ घटत होती आणि माडीवर जाणाऱ्यांची संख्या वाढल्यामुळे ती भरूनही निघत होती. म्हणून सकाळची आणि दुपारची ओढ सारखी.

हे मला कळायला आठ-नऊ वर्षं गेली. तोवर मी एका महाविद्यालयात शिकवायला लागलो होतो. एका अभ्यासवर्गासाठी मुंबईला गेलो असता ग्रंथालयात 'इनऑर्गॅनिक केमिस्ट्री' या अमेरिकी नियतकालिकाचे जुने अंक चाळत बसलो आणि १९७५ च्या खंडात एक निबंध दिसला. लेखक गांगुली, मराठे आणि मित्रा. पत्ता: टाटा मूलभूत संशोधन संस्था, कुलाबा, मुंबई. विषय माझ्याच काळ्या पुडीचा चुलतभाऊ, म्हणजे तिच्यातला एक हात काढून त्या जागी क्लोरीन बसवलेला रेणू. त्याचाही आकडा मधलाच. पण तो वेगळ्या अर्थानं मधला. त्यात तीन इलेक्ट्रॉन खरोखरच एकटे असतात. सरमिसळ नव्हे, तर ती स्वतःचीच अशी तिसरी अवस्था आहे. वरचा, खालचा आणि खराखुरा मधला. मी उभ्या उभ्या तो निबंध वाचला. माझी पूड नळीत गेली त्याच्या तीन वर्षं आधी, याच महाराष्ट्रात, माणसं या मधल्या आकड्यांकडे गंभीरपणे पाहत होती आणि मी ते मळ समजून पुसत होतो. त्याच गटानं पुढं मूळ कुळातल्या सरकत्या आकड्यांवरही काम केलं. मधला आकडा खरा की सरमिसळीचा, हे ओळखण्याची कसोटी मात्र काम्बींचीच. तापमान बदला. सरकला तर सरमिसळ.

कुलाब्यातलं हे काम आकाशातून पडलं नव्हतं. आपल्या देशात चुंबक आणि रसायन यांची सांगड घालण्याचा पाया लाहोरला घातला गेला. शांतिस्वरूप भटनागर यांनी के. एन. माथुर यांच्याबरोबर १९२८ साली प्रकाशलहरींच्या व्यतिकरणावर चालणारा तराजू बनवला. लंडनच्या ॲडम हिल्गर कंपनीनं तो बाजारात आणला. दोघांचं चुंबकी रसायनावरचं पुस्तक १९३५ साली मॅकमिलननं काढलं. भटनागर म्हटलं की आपल्याला पारितोषिक आठवतं, प्रयोगशाळांची साखळी आठवते. तराजू कुणाला आठवत नाही.

मुंबईत फोर्टमधल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये माता प्रसाद यांनी हे काम चालवलं. पुढं ते भावनगरच्या मीठ संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. चुंबकाकडे असणारी निरनिराळ्या क्षारांची ओढ मोजणं हे वरकरणी अगदी रूक्ष काम. त्या निबंधांवर त्यांच्याबरोबर एस. एस. धर्मट्टी आणि सी. आर. काणेकर ही नावं दिसतात. धर्मट्टी नंतर अमेरिकेत स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथं १९५१ साली अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या अल्कोहोलवर एक प्रयोग केला. अल्कोहोलच्या रेणूतले हायड्रोजन तीन वेगवेगळ्या जागी बसलेले असतात, तीन, दोन आणि एक असे. चुंबकी क्षेत्रात त्यांनी तीन वेगळे टेकाड दाखवले आणि टेकाडांचं क्षेत्रफळही तीनास दोनास एक. आज औषधाच्या कारखान्यापासून विद्यापीठापर्यंत रेणूची ओळख पटवायला एन.एम.आर. यंत्र वापरतात. त्या वापराची वाट या आलेखानं मोकळी केली. एम.एस्सी.ला आम्ही हा आलेख पाठ करायचो. त्याच्या तीन कर्त्यांपैकी एक मुंबईच्या फोर्टमध्ये तराजू घेऊन बसलेला माणूस होता, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. नंतर मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत गेलो, थोडं चढ्या आवाजातच. धर्मट्टींनी परत येऊन टाटा संस्थेत चुंबकी अनुनादाचं काम उभं केलं आणि चुंबकी रसायनाचा धागा तिथं चालू राहिला.

आता उजेडाकडे येऊ.

माझे काका बांधकाम खात्यात ट्रेसर होते. लहानपणी त्यांच्या कचेरीच्या अंगणात मी 'फेरो' काढताना पाहिलं आहे. ज्याला आपण ब्ल्यू प्रिंट म्हणतो तोच. पिवळट हिरवा लेप दिलेला कागद, त्यावर नकाशाचा ट्रेसिंग कागद, वर काच, आणि ती चौकट उन्हात. थोड्या वेळानं कागद हौदातल्या पाण्यात धुतला की निळ्या भूमीवर पांढऱ्या रेघा. इंग्लंडमध्ये जॉन हर्शेल यांनी १८४२ साली काढलेली ही कृती. उजेड त्या लेपातल्या लोखंडाला एक इलेक्ट्रॉन मिळवून देतो आणि ते लोखंड शेजारच्या सायनाइडच्या क्षाराशी जुळून प्रशियन ब्ल्यू नावाचा निळा रंग होतो. रेघेखाली ऊन पोचत नाही, तिथं कागद पांढरा राहतो. रंग त्याहून जुना, अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये सापडलेला.

या रंगाची खरी गंमत मला फार उशिरा समजली. त्यात लोखंडाचे अणू दोन प्रकारच्या घरांत राहतात. सायनाइडच्या एका टोकाला कार्बन, दुसऱ्या टोकाला नायट्रोजन. कार्बनकडच्या लोखंडाचा जिना भलताच उभा. तिथं सगळे इलेक्ट्रॉन जोडीनं, चुंबकत्व शून्य. नायट्रोजनकडच्या लोखंडाचा जिना सोपा, पाचही एकटे. एकाच निळ्या कणात लोखंडाची दोन टोकं. काकांच्या फेरोमध्ये दोन्ही होती आणि ऊन त्यांना जन्म देत होतं. फक्त ते एकदाच व्हायचं. निळा झालेला नकाशा परत पिवळा करता येत नव्हता.

उजेडानं चुंबकत्व बदलण्याची, तेही परत फिरवता येईल अशी, एक वस्तू मात्र आपल्या सगळ्यांच्या अंगातच आहे. फॅरडे यांनी १८४५ साली वाळलेलं रक्त चुंबकापाशी नेलं होतं आणि त्यात लोखंड असूनही ते ओढलं जात नाही याचं त्यांना नवल वाटलं. पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ साली उलगडा केला. प्राणवायू किंवा शेगडीचा विषारी कार्बन मोनॉक्साइड धरून बसलेल्या हिमोग्लोबिनमध्ये एकटा इलेक्ट्रॉन दिसत नाही. तो वायू सुटला की लोखंडाच्या प्रत्येक अणूत चार एकटे. आणि हॉल्डेन आणि लोरेन स्मिथ यांनी १८९० च्या दशकातच दाखवलं होतं की कार्बन मोनॉक्साइड धरलेल्या रक्तावर प्रखर उजेड टाकला की तो वायू सुटतो. अंधारात पुन्हा धरला जातो. दोन्ही शोध शेजारी ठेवले तर सरळ अर्थ निघतो की उजेडानं रक्ताचं चुंबकत्व बदलतं. पण एक शोध शरीरशास्त्रवाल्यांच्या कपाटात आणि दुसरा रसायनवाल्यांच्या.

हेतुपुरस्सर आणि टिकाऊ रीतीनं ही किमया जर्मनीतल्या माइन्झ शहरात दिसली, १९८४ साली. फिलिप ग्युटलिश यांच्या गटात सिल्व्हिओ डेकुर्टिन्स आणि सहकारी लोखंडाच्या एका टेट्राझोल रेणूचे स्फटिक पाहत होते. साध्या तापमानाला हा स्फटिक रंगहीन, इलेक्ट्रॉन माडीवर, चुंबकत्व भरपूर. थंड करत नेला की शून्याखाली सुमारे दीडशे अंशांच्या आसपास तो जांभळा होतो. सगळे खाली उतरले, चुंबकत्व गेलं. आणखी खाली, निरपेक्ष शून्याच्या वर वीसेक अंशांवर नेऊन त्यावर हिरवा लेसर टाकला. जांभळा स्फटिक फिका पडला. चुंबकत्व परत आलं. दिवा बंद केला तरी ते तसंच राहिलं.

दिवा बंद केल्यावरही राहतं, यात सगळं आलं. उजेडानं इलेक्ट्रॉनाला वर फेकलं, बंध लांबले. आता खाली यायचं तर सगळे बंध पुन्हा आखडायला हवेत आणि एवढ्या थंडीत तेवढी ऊब रेणूजवळ नसते. तो माडीवरच अडकतो. निरपेक्ष शून्यापासून पन्नासेक अंशांवर आणला की उतरतो. अँड्रियास हाउझर यांनी १९८६ साली दाखवलं की तांबड्या टोकाच्या उजेडानं त्याला त्या थंडीतही खाली आणता येतं. हिरवा दिवा वर, तांबडा दिवा खाली. माझ्या तोंडी परीक्षेला त्या वेळी अवघी सहा-आठ वर्षं झाली होती.

१९९६ साली सातो, इयोदा, फुजिशिमा आणि हाशिमोतो या जपानी शास्त्रज्ञांनी हाच खेळ प्रशियन ब्ल्यूच्या भावकीत दाखवला. काही लोखंडाच्या जागी कोबाल्ट घातलेला तो पदार्थ. तांबड्या उजेडानं त्याचं चुंबकत्व वाढलं, निळ्या उजेडानं बऱ्याच अंशी परत फिरलं. इथं मात्र एकेकट्या रेणूचं नव्हे, तर लोहाराच्या फासेसारखं हातात हात घातलेलं चुंबकत्व. ते ज्या तापमानाला नाहीसं होतं तो टप्पाच उजेडानं १६ वरून १९ केल्व्हिनवर सरकला. केल्व्हिन म्हणजे निरपेक्ष शून्यापासूनचे अंश. म्हणजे उणे २५७ वरून उणे २५४. हसू नका, पण नांदगाव पेठेच्या माणसाला हे आकडे ऐकूनच गारवा वाटतो. फेरोच्या चौकटीपासून इथवर यायला दीडशे वर्षं लागली.

उष्णतेच्या बाजूनं गोष्ट जरा आपल्या हवामानाजवळ आली. फ्रान्समध्ये बोर्दोला ऑलिव्हिए कान यांनी लोखंड आणि ट्रायाझोलच्या साखळ्यांवर काम केलं. त्यातली एक पूड जांभळी असते, तापवत नेली की ११० अंश सेल्सिअसच्या आसपास पांढरी होते. थंड करताना मात्र ११० ला जांभळी होत नाही. थेट सत्तरच्या आसपास येईपर्यंत पांढरीच राहते. मधल्या पट्ट्यात, समजा नव्वदला, ती जांभळीही असू शकते आणि पांढरीही. आधी काय झालं होतं, यावर ते ठरतं. म्हणजे पुडीला आठवण आहे. मिश्रण बदलून हा पट्टा घरातल्या तापमानापर्यंतही आणला गेला. माहिती साठवायला याचा उपयोग करता येईल, असं कान यांनी १९९८ साली मांडलं, आणि पुढच्याच वर्षी ते गेले. उजेडाच्या बाजूला मात्र अजूनही बहुतेक रेणूंना ती वरची अवस्था टिकवायला हिमाच्या कितीतरी खाली न्यावं लागतं. वरचं आणि खालचं यातला चढ मोठा ठेवून थंडी कमी करायची, ही कसरत चालू आहे.

माझ्या प्रात्यक्षिकाच्या वहीचं काय झालं मला ठाऊक नाही. कच्ची वही मात्र घरी सापडली. तिच्यात सकाळ-दुपारची वजनं आहेत, ४.२ आणि ४.३ आहे, आणि त्यावर आडवी रेघ. मला नेहमी वाटत आलं की ज्या थंडीत हा आकडा खरोखर उतरतो ती एकदा गाठावी. निवृत्तीनंतर ते जमलं. द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश, आमच्याकडे सहज मिळतो, कारण जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याचे पिंप असतात. मिलिग्रॅम मोजणारा काटा ओळखीच्या सोनाराकडे. काट्यावर थर्माकोलचा जाड ठोकळा, त्यावर बाजारात मिळणारं ताकदवान छोटं चुंबक. वर लाकडी पट्टीला टांगलेली पुडीची बाटली. बाटली चुंबकाला जेवढं वर ओढेल तेवढं काट्यावरचं वजन घटतं. गॉयचा तराजू उलटा केला, एवढंच.

बी.एस्सी.ला असलेली नात आकडे लिहायला होती. आधी मोहरचं क्षार, म्हणजे साधं, सरळमार्गी लोखंड. नायट्रोजनमध्ये बुडवून काढलं तर ओढ साडेतीन पटींच्या घरात गेली. क्युरींना हवं तसंच. मग माझी काळी पूड, नव्यानं केलेली. एका साध्या पदार्थानं इथं जवळपास चौपट व्हायला हवं. झाली जेमतेम आधीएवढी. माडीवरचे बहुतेक सगळे खाली आले होते. बाटलीवर दव जमत होतं, ती भराभर ऊब धरत होती, म्हणून चार वेळा केलं. चारही वेळा वाचन थोडं वेगळं आलं, पण चौपट एकदाही नाही. नातीनं चारही लिहून घेतले.

दुकान दोन तास बंद होतं आणि मे महिना होता. सोनार एवढा वेळ गप्प बसले होते. शेवटी कपाळ पुसत म्हणाले, "मास्तर, आता पंखा लावू का?"